गाव दे, मग हात देते

नालुमान्सीबाई राहत त्या गल्लीत ताटात टाकलेलं अन्न सहसा दिसत नसे. पोरं गुणी होती म्हणून नव्हे. एखादं पोर घेवडा चिवडत बसलं, की त्याची आई कुंपणाकडे तोंड करून नुसतं विचारायची, "मुसावो, घरी आहात ना?" की ताट लख्ख. मुसावो म्हणजे दवाखान्यातलं कुणीही, डॉक्टर काय नि नर्स काय. पण त्या गल्लीपुरती मुसावो एकच, आणि ती सुई घेऊन कुंपणापलीकडे बसलेली असते, हे तिथल्या पोरांना नीट चालता येण्याआधीच कळलेलं असायचं.

बाईंना याची मौज वाटायची. दवाखान्यातून दमून यावं, चहाचा पेला घेऊन ओट्यावर टेकावं आणि तेवढ्यात पलीकडून हाक यावी, की बाई पेला खाली ठेवत आणि हवेतल्या हवेत सुई भरत. टिचकी मारून आतला बुडबुडासुद्धा काढत. मग पलीकडे एक किंकाळी आणि घासामागून घास. शेजारणी पोट धरून हसत, आणि उपकार फेडायला म्हणून कधी फणसाचा तुकडा, कधी चार अव्होकाडो कुंपणावरून इकडे येत. बाईंना स्वतःचं लेकरू नव्हतं. आपल्यामुळे गल्लीतल्या पोरांच्या पोटात दोन घास जास्त जातात, तर बिघडलं कुठे, असं त्यांचं म्हणणं.

शेजारच्या घरातली नासोलो ही या सुईची सगळ्यांत मोठी गिऱ्हाईक. वय सहा. तिला घेवडा आवडत नसे आणि तिच्या घरी घेवड्याशिवाय दुसरं फारसं शिजत नसे. तिची आई नाबुकालू दिवसातून दोनदा तरी कुंपणाकडे तोंड करायची. एका शनिवारी नाबुकालू अंगणातल्या शेगडीवर घेवडा चढवून कपडे वाळत घालायला वळली, तेवढ्यात नासोलोनं पातेलं ओढलं. का ओढलं, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. उकळतं पाणी उजव्या हातावर आलं, कोपरापासून बोटांपर्यंत.

पहिले काही दिवस सगळं भूल देऊन चाललं. मेलेली कातडी काढली, मांडीवरची कातडी घेऊन हातावर लावली, ती धरलीही. मग एक दिवसाआड जागेपणी पट्टी बदलायची वेळ आली. नालुमान्सीबाई पोरांच्या वॉर्डाच्या मुख्य नर्स. पट्टी बदलण्यात त्यांचा हात धरणारं त्या दवाखान्यात कुणी नव्हतं. त्यांची रीत सरळ होती, पोराला चौघांनी दाबून धरायचं आणि आपण झपझप उरकायचं. रडून रडून किती रडेल, लवकर संपलेलं बरं.

नाबुकालू पोरीला कडेवर घेऊन पट्टीच्या खोलीत आली. नासोलोनं आत पाहिलं. टेबल, कात्र्या, पांढरी बादली आणि बादलीमागे मुसावो. आता ही ओरडून छप्पर उडवणार, अशी बाईंनी मनाची तयारी केली होती. पोर ओरडली नाही. आईच्या मानेत तोंड खुपसून पुटपुटली, "मी खाते."

आधी कुणाला कळलं नाही. चौघांनी धरलं, बाईंनी पट्टी ओली केली आणि पहिला थर सुटला, तशी पोर भडाभडा बोलायला लागली. "मी संपवते. सगळं संपवते. कसावासुद्धा खाते. रस्त्यावर नाही जाणार. अंथरूण ओलं नाही करणार. मुसावो, मी सगळं खाईन."

बाईंचे हात सवयीनं चालत राहिले. डोकं मात्र तिथेच अडकलं. इतक्या पोरांनी त्यांना शिव्या घातल्या होत्या, चावे घेतले होते, एकानं तर बादलीत पाय घालून सगळं अंगावर उडवलं होतं. पण गुन्हा कबूल करून माफी मागणारं पोर त्यांनी पाहिलं नव्हतं. हे पोर समजत होतं की घेवडा टाकल्याची शिक्षा आज चालू आहे. टेबलाच्या त्या बाजूला उभ्या असलेल्या नाबुकालूनं तोंडावर ओढणी ओढून घेतली. बाईंना ओढणी नव्हती. त्यांना नुसती लाज वाटली, साधी, सरळ लाज, आणि ती लपवायला त्यांनी मदतनिसाला उगाचच झापलं की पाणी गार का आणलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कायोंडो फेरीला आले. नासोलो हाताची मूठ पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून निजली होती. डॉक्टरांनी मूठ सोडवायला हात पुढे केला, तर ती अशी काही आखडली की त्यांनीच हात मागे घेतला. बाहेर व्हरांड्यात येऊन ते बाईंना हळू आवाजात म्हणाले की कातडी छान धरली आहे, पण बोटं अशीच मिटलेली राहिली तर ती मिटल्या जागीच जुळतील. मग पुन्हा कापणं आलं आणि तरी हात पहिल्यासारखा होईल याची खात्री नाही. आपण ओढून सरळ करून उपयोग नाही, नवी कातडी फाटेल. पोरीनं स्वतः हात उघडला पाहिजे, आणि तो या आठवड्या-दोन आठवड्यांत उघडला पाहिजे.

"दुसऱ्या कुणाकडून पट्टी करून घेऊ या का?" बाईंनी विचारलं. असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, कराल, पण पांढरे कपडे पाहिले की ती मूठ वळणारच. त्यापेक्षा तुमचं नि तिचं काय आहे ते मिटवा.

बाईंनी मिटवायचा प्रयत्न केला. खाऊची गोळी दिली, पोरीनं ती खाल्ली नाही, उशीखाली ठेवली. रबरी हातमोजा फुगवून त्यावर डोळे-नाक काढलं, तर त्या पाच बोटांकडे पाहून पोरीनं डोळेच मिटले. नाबुकालूनं आपल्या परीनं हातभार लावला, म्हणजे प्रत्येक वेळी सांगितलं की आज मुळीच दुखणार नाही. मग दुखलं. पुढच्या वेळी आई हे वाक्य बोलायला लागली, की पोर आधीच थरथरायची.

एका दुपारी बाई औषधांची ट्रॉली ढकलत वॉर्डाकडे येत होत्या. आतून एक बारीक, ठणठणीत आवाज आला. "कोयी कोयी!"

"ल्या!" अख्खी रांग एका आवाजात म्हणाली.

कोड्यांचा डाव होता. तो तिथे कुणाला शिकवावा लागत नाही. ज्याला कोडं घालायचंय तो कोयी कोयी म्हणतो, बाकीचे ल्या म्हणतात, म्हणजे खा. आणि खा म्हटल्याशिवाय कोडं घालायचं नाही. कोडं सुटलं नाही तर हरणाऱ्यानं एक गाव द्यायचं. गाव मिळालं की ते खायचं, मग उत्तर सांगायचं. तिथल्या बोलीत राजा गादीवर बसत नाही, गादी खातो, तेव्हा गाव खाणं म्हणजे काय हे पोरांना बरोबर ठाऊक असतं.

बाईंनी दाराच्या फटीतून पाहिलं. कोडं घालत होती नासोलो. भिंतीकडचं तोंड इकडे वळलेलं, पाय दुमडून खाटेवर बसलेली, उजवा हात मात्र पोटाशी तसाच. समोरच्या खाटेवरच्या, पाय टांगलेल्या पोराला तिनं हरवलं होतं आणि तो बिचारा एक लहानसं गाव देऊ करत होता. तिला ते नको होतं. "तिथे दुकानसुद्धा नाही," ती म्हणाली. "दुसरं दे." शेवटी तिनं त्याच्याकडून बाजारपेठेचं एक गाव उकळलं, ओठ मिटून ते गिळल्यासारखं केलं आणि मग कुठे उत्तर सांगितलं. तिच्याजवळ बसलेली तिची आत्या अभिमानानं रांगेतल्या बायकांना सांगत होती की सकाळपासून पोरीनं निम्मा मुलूख खाल्लाय, आता बहुतेक सरोवरात उतरणार.

ट्रॉलीचं चाक करकरलं. नासोलोनं दाराकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे गेलं. डाव मोडला. बाई औषधं वाटून निमूट निघून गेल्या, पण ते "ल्या" त्यांच्या कानातून जाईना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी त्या रिकाम्या हातांनी आल्या आणि आत्या नि नाबुकालू बसल्या होत्या त्या चटईवर येऊन बसल्या. मुख्य नर्स चटईवर बसलेली त्या वॉर्डानं पाहिली नव्हती. बायका सावरून बसल्या.

"नासोलो," बाई म्हणाल्या, "मी घेवड्यासाठी येत नाही गं. कधीच आले नव्हते."

नासोलोनं आईकडे पाहिलं. आईनं स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"मग आई हाक मारायची ते?"

"ती गंमत होती, आम्हा मोठ्या माणसांची. आम्हाला हसू यायचं."

"मला नाही यायचं."

"नाही यायचं," बाई म्हणाल्या. "आम्ही तिकडे पाहिलंच नाही."

पोरीनं यावर बराच विचार केला. मांडीवर पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि घेवडा असं ताट होतं. बाईंच्या खिशावर नजर ठेवून तिनं डाव्या हाताच्या एका बोटानं ते ताट पुढे ढकललं. थोडं थांबली. पुन्हा ढकललं. नाबुकालूच्या तोंडातून सवयीनं "अगं, खाऊन घे, नाहीतर" एवढं निघालं, आणि बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की पुढचे शब्द तिनं गिळले.

"खरंच नको?" बाईंनी विचारलं.

"नको."

"मग मी घेऊ? सकाळपासून पोटात काही नाही."

बाईंनी ताट ओढलं आणि पोशोचे गोळे करून शांतपणे खायला लागल्या. मीठ कमी पडलंय, असंही वर म्हणाल्या, त्यावर नाबुकालूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नासोलो एकेक घास मोजल्यासारखी बघत होती. ताट रिकामं झालं, तरी खिशातून काही निघालं नाही.

"इंजेक्शन?" तिनं विचारलं.

"कुणाला? तू टाकलंस, मी संपवलं. आता टोचायचं कुणाला?"

टांगलेल्या पायाचं पोर खुदकन हसलं. नासोलो हसली नाही, पण तिचे खांदे उतरले. मग तिनं खरा प्रश्न विचारला. घेवड्यासाठी नाही, तर मग हाताची पट्टी कशाला काढता? बाईंनी सांगितलं, कारण हात भाजलाय. खालची घाण काढली नाही तर तो सडेल. औषध आधी देऊ, त्यानं दुखणं कमी होईल, पण दुखेल. जिथे कापड चिकटलंय तो तुकडा निघताना जास्त दुखेल. नाबुकालूनं श्वास आत ओढला. पोरांना असं तोंडावर कुणी सांगतं का, असं तिच्या डोळ्यांत होतं. पोर मात्र पहिल्यांदाच बाईंच्या तोंडाकडे पाहत होती.

मग बाईंनी करार मांडला. पट्टी काढायची ती डाव खेळत. एक पाळी तुझी, एक माझी. तुझ्या पाळीला तू कोडं घाल. माझ्या पाळीला मी कोडं घालणार नाही, पट्टीचा एक तुकडा काढीन. पण आधी कोयी कोयी म्हणेन, आणि तू ल्या म्हटल्याशिवाय हात लावणार नाही.

"आणि मी म्हटलंच नाही तर?"

"तर बसू दोघी. मला तरी घरी वाट पाहणारं कोण आहे?"

"मला पण नाही," नासोलो म्हणाली. "आई इथेच आहे." मग जरा वेळानं, "मोठी गावं द्यावी लागतील."

पुढची पट्टी बदलायला निम्मी सकाळ गेली. मदतनीस दोनदा येऊन घड्याळाकडे बघून गेला. कुणीही पोरीला धरलं नव्हतं, आई उशाशी आणि आत्या पायाशी नुसती उभी. बाई कोयी कोयी म्हणायच्या. पोर ओठ चावायची, छताकडे बघायची, आईचा अंगठा घट्ट पकडायची आणि कधीतरी म्हणायची, ल्या. तेवढ्यापुरता एक तुकडा निघायचा. ती रडत होती, नाही असं नाही. एकदा तर चांगली मोठ्यानं ओरडली. पण रडणं संपलं की नाक पुसून लगेच आपली पाळी मागायची, कारण गावं मिळत होती. बाई कोड्यांत कच्च्या निघाल्या. आधी त्या मुद्दाम हरल्या, तर पोरीनं ओळखलं आणि खेळ नीट खेळा म्हणून दम दिला. मग त्या नीट खेळायला लागल्या आणि तरी हरल्या.

"एक मुलगा आहे," नासोलो म्हणाली. "रोज पांढरे कपडे घालतो, पण शाळेत जात नाही. कपडे काढले की रडतो."

बाईंनी डोकं खाजवलं. पाद्रीबाबा? आचारी? पिठाच्या गिरणीवाला? शेवटी हात टेकले आणि एन्टेबे देऊन मोकळ्या झाल्या.

"विमानतळासकट?"

"विमानतळासकट."

नासोलोनं एन्टेबे खाल्लं आणि डोळ्यांनीच आपल्या उघड्या पडलेल्या हाताकडे खूण केली. बाई त्याच हाताला मलम लावत होत्या. आत्या हसून हसून भिंतीला टेकली. बाईही हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला आज बरं वाटतंय. दवाखान्यात कामाच्या वेळी बरं वाटल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

असं चालू राहिलं. कंपाला गेलं, मसाका गेलं, सरोवरातली बेटं गेली. हाताची कातडी गुलाबी आणि घट्ट होत चालली. पण मूठ काही सुटेना. पट्टी काढायला पोर हात पुढे करायची, बोटं मात्र आत वळवलेलीच. बाईंनी विनवलं, पैज लावली, चित्रं काढायला खडू दिला, तो तिनं डाव्या हातात घेतला. डॉक्टर कायोंडो रोज व्हरांड्यातून विचारायचे आणि बाई रोज मान हलवायच्या. करंगळी नि तिच्या शेजारचं बोट यांच्यामधली जागा आता भरत आली होती. बाईंना ती रोज दिसायची आणि रात्री डोळे मिटले तरी दिसायची.

मग तो सोमवार आला. बाहेर दोन पोरं नव्यानं भाजून आलेली, एकीचा बाप दार वाजवत होता, मदतनीस रजेवर. नासोलोच्या हाताचे सगळे तुकडे निघाले होते, फक्त बोटांच्या बेचक्यातला एक इवलासा तुकडा चिकटून राहिला होता. बाईंनी कोयी कोयी म्हटलं. पोर छताकडे बघत ओठ जुळवत होती. बाहेर दार पुन्हा वाजलं, आणि उभ्या जन्माच्या सवयीनं बाईंचा हात पुढे गेला. तुकडा निघाला. फार दुखलंही नसावं.

नासोलो रडली नाही. तिनं हात छातीशी घेतला, मूठ आवळली आणि बाईंकडे पाहिलं.

"मी ल्या म्हटलं नव्हतं."

नाबुकालू घाईघाईनं म्हणाली, असू दे गं, झालं ना आता, संपलं. आत्या म्हणाली, मुसावोंना बाहेर किती काम आहे बघ. सगळं खरं होतं. बाईंच्याही तोंडाशी तेच आलं होतं. पण त्यांनी आवळलेल्या मुठीकडे पाहिलं. त्या मुठीत पोरीचं पुढचं सगळं आयुष्य होतं, लिहिणं, विणणं, केळी सोलणं, पोटच्या लेकराला भरवणं, आणि आता ती मूठ त्यांच्यामुळे मिटली होती. त्यांनी जाऊन दाराला कडी लावली.

"नव्हतं म्हटलं," बाई म्हणाल्या. "मी लबाडी केली. माझं चुकलं."

मोठ्या माणसानं लहान पोराची अशी माफी मागायची तिथे रीत नाही. आत्या अवघडून खिडकीबाहेर बघायला लागली. नासोलोनं मात्र ते सरळ डावाच्या नियमात बसवलं.

"लबाडी करणाऱ्यानं दुसरा मागेल ते गाव द्यायचं," ती म्हणाली.

"माग."

"बुलेंगेरा."

मग आत्या तिच्या अंगावर धावून आली. काय मागावं, काही कळतं का? बुलेंगेरा हे बाईंचं स्वतःचं गाव. चटईवर बसल्यावर पहिल्याच दिवशी आत्यानं रीतीप्रमाणे त्यांना कुळ नि गाव विचारलं होतं, आणि पोरीनं ते लक्षात ठेवलं होतं. डावात वाटेल ती गावं उधळावीत, पण वाडवडील पुरलेत ते गाव कुणी खेळातसुद्धा देत नाही, आणि कुणी मागतही नाही.

"कंपाला पुन्हा घे," बाई म्हणाल्या. "नाहीतर जिंजा, नदीसकट."

नासोलोनं मान हलवली. "कंपाला तुमचं नाहीच. जे आपलं नाही ते कुणी पण देतं."

बाई स्टुलावर बसल्या. खेळच तो, पण त्यांना चटकन घे म्हणवेना. बुलेंगेरात केळीच्या बागेमागे त्यांचे आजोबा होते, वडील होते, आई होती. आईच्या शेजारी थोडी जागा भावानं झाडून मोकळी ठेवली होती. नवरा लवकर गेला, लेकरू झालं नाही. या जगात आपली म्हणून वाट पाहणारी तेवढीच एक जागा, असं त्यांना वाटत आलं होतं, आणि ते त्यांनी कुणाला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"घे," बाई म्हणाल्या. "बुलेंगेरा तुझं."

आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले, रिकामेच, पण काहीतरी धरल्यासारखे. मोठ्यांकडून काही घ्यायचं ते दोन्ही हातांनी, हे नाबुकालूनं पोरीला घेवड्याच्याही आधी शिकवलं होतं. नासोलोचे दोन्ही हात आपसूक पुढे आले. डावा तळवा वर, उघडा. उजवा त्याच्या शेजारी, मुठीतच.

बाई थांबल्या. हात तसेच अधांतरी धरून राहिल्या.

नासोलोनं आपल्या मुठीकडे पाहिलं, मग बाईंच्या हातांकडे. मुठीत गाव घेता येत नाही, हे तिचं तिलाच दिसत होतं. आधी अंगठा हलला. मग पहिलं बोट सुटलं, थरथरत, आणि तिच्या गालावरून पाणी वाहायला लागलं. मधलं बोट अर्ध्यावर अडलं, थांबलं, पुन्हा निघालं. नाबुकालू पुढे व्हायला लागली, तर आत्यानं तिचा दंड धरला. बाहेर दार वाजत होतं, ते कुणाला ऐकूच येत नव्हतं. शेवटची दोन बोटं जोडीनं उठली, करंगळी पुरती सरळ झाली नाही, पण तळवा उघडला. गुलाबी, ओला, लहानसा तळवा.

"केळीची बाग आहे," बाई म्हणाल्या. "वरच्या अंगाला झरा आहे. माझी माणसं आहेत तिथे. सांभाळ हो."

त्यांनी आपले हात त्या हातांवर रिते केले, कातडीला स्पर्श न करता. नासोलोनं ओठ मिटले, गिळलं आणि म्हणाली, "खाल्लं."

"आता मला एक सांगा, मालकीणबाई," बाईंनी डोळे पुसत विचारलं. "मी मेले की मला कुठे पुरायचं? गाव तर तुमचं झालं."

आत्या म्हणाली, असं अभद्र काय बोलता. नासोलोला त्यात अभद्र काही दिसलं नाही. दोन्ही हात उघडे धरून ती खरोखरीच विचार करत होती. कुणाला किती जागा द्यायची हे आता तिला बघायचं होतं.

"तुमची जागा तुम्हाला देते," ती म्हणाली. "पण विचारायचं. आधी विचारायचं."

"विचारेन."

बाईंनी मलमाची डबी उघडली. डबी घेऊन त्या तिच्या समोर बसल्या, आणि बाहेर कितीही दार वाजलं तरी उठायचं नाही असं ठरवून बसल्या. "कोयी कोयी," त्या म्हणाल्या.

नासोलोनं मूठ वळली नाही. छताकडेही पाहिलं नाही. आपल्या हाताकडे बघत, ओढणाऱ्या बोटांना आणखी थोडं ताणत तिनं बाईंना थोडा वेळ तसंच बसवून ठेवलं.

"ल्या," मग ती म्हणाली.